थाळी दिसेनाशी होईपर्यंत

घरात तामचिनीच्या पांढऱ्या थाळ्या सहा होत्या. आईला त्या लग्नात मिळालेल्या. त्यांतली एक तळ्याने घेतली. म्हणजे बुडाली वगैरे नाही. बाबांनी तिला तीन भोकं पाडली, त्यांतून दोरी ओवली, खाली शिशाचा गोळा लटकवला, आणि जेवायची थाळी पाण्यात सोडायची थाळी झाली. आईने कपाळाला हात लावला.

"सहाच्या पाच केल्यात. आता पाहुणे आले की मी काय परातीत जेवू?"

पाहुणे तसे फारसे येत नसत. पण पुढची अकरा वर्षं घरात काहीही फुटलं, हरवलं, करपलं, की आई फिरून त्या थाळीवर यायची.

थाळीला भोकं पडली ती बेडकीपायी. बेडकी ही त्या घरातली एकुलती एक लेक. नाव मामाने ठेवलेलं. मामा म्हणजे आईचा पाठचा भाऊ, तळ्यावर होड्या चालवून पोट भरणारा. पोर चार वर्षांची असताना त्याने तिला धक्क्यावरून उचललं आणि सरळ पाण्यात सोडलं. आई किंचाळली, बाबा धावले. बाबांना स्वतःला पोहता येत नव्हतं, त्यामुळे ते धक्क्यापर्यंतच धावले. पोर मात्र पाय झाडत झाडत परत कडेला आली, नाकातलं पाणी पुसलं आणि म्हणाली, "परत."

"ताई, ही तुझ्या पोटी कशी आली गं?" मामा म्हणाला. "ही तर बेडकी आहे!"

झालं, नाव चिकटलं. पुढे ती देशात पहिली आली, परक्या थंडगार समुद्रात चौतीस किलोमीटर पोहून आली, वर्तमानपत्रात खरं नाव छापून आलं. गल्लीत त्या नावाने तिला कोणी ओळखलं नसतं. "बेडकी आली का हो परदेशातून?" असंच कोपऱ्यावरचा दुकानदार विचारायचा.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. दोन हात रुंदीचं दुकान, काचेची पेटी, आणि डोळ्याला लावायचं भिंग. केसाएवढी कमान चिमट्यात धरून बसवायची, तर श्वाससुद्धा आवरून घ्यावा लागतो. गावात म्हण पडली होती की या माणसाला मुंगीच्या पायातला काटा दिसतो. डोळ्यांचा त्यांना अभिमान होता, आणि लेकीचा. दुसरा कसलाच नव्हता.

पहाटे पाचला दोघं निघायची. ती पाण्यात, बाबा तिच्या बाजूने वल्ह्यांच्या होडीत. मिनिटाला बहात्तर हात, ना एक कमी, ना एक जास्त. बाबा घड्याळ लावून मोजायचे. दर वीस मिनिटांनी शिट्टी वाजायची, मग लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या पेल्यातून गरम साखरपाणी तिच्या तोंडाशी यायचं. होडीला हात लावायचा नाही, हा लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्यांचा नियम. शर्यतीत हात लागला की बाद. म्हणून सरावातही ती पाण्यातच उताणी पडून प्यायची आणि पेला सोडून द्यायची. बापलेकीचं अर्धं आयुष्य त्या काठीच्या अंतरावर गेलं.

रोज तेच पाणी कापत गेलं की त्यातले शेजारी ओळखीचे होतात. पलीकडच्या काठाला पाणकणसांचं बेट होतं. तिथे टिबुकल्यांची घरटी असत. टिबुकली म्हणजे मुठीएवढी पाणकोंबडीची धाकटी बहीण म्हणा ना. ती पाण्यावर तरंगतं घरटं बांधते. शेवाळ, सडकी पानं, काड्या, असा ओला गठ्ठा, त्यावर चार-पाच अंडी. उठून जाताना पक्षीण अंड्यांवर पानं ओढून जाते, आपण घर सोडताना कुलूप घालतो तशी. बेडकी त्या बेटाजवळ आली की हात संथ मारायची. बाबा ओरडायचे, "अडुसष्ट! झोपलीस का?" ती मान वर काढून म्हणायची, "शेजारीण बसलीय, बाबा. हळू."

देवाने एकेकाला एकेक वेड देऊन पाठवलेलं असतं. तिला दोन दिली होती, आणि दोन्ही एकाच पाण्यात.

ती बावीस वर्षांची असताना तळ्यांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई गावात आल्या. चष्मा, उन्हाची टोपी, पायात गमबूट. त्यांनी सांगितलं, पाणी किती स्वच्छ आहे हे बघायला यंत्र लागत नाही. पांढरी तबकडी दोरीने खाली सोडायची, ती दिसेनाशी झाली की दोरी किती गेली ते लिहायचं. एवढंच. पण रोज. बेडकीला ते पटलं. पोहणाऱ्याला 'पण रोज' म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. बाईंनी तीन नियम घालून दिले. वेळ तीच हवी. बघायचं ते होडीच्या सावलीच्या बाजूने. आणि डोळे तेच हवेत.

"माणूस बदलला की आकडा बदलतो," बाई म्हणाल्या. "एकानेच बघायचं. दुसऱ्याने डोकावायचंसुद्धा नाही."

डोळे कोणाचे, हा प्रश्नच नव्हता.

त्या दिवशी आईची थाळी गेली. दोरीला दर अर्ध्या मीटरवर एक गाठ मारली. सराव संपला की दहाच्या सुमाराला बाबा वल्ही आत घ्यायचे, सावलीच्या बाजूला वाकायचे आणि मोठ्याने गाठी मोजायचे. बेडकी पाण्यातच थांबायची. थाळीकडे बघायची नाही. नियम म्हणजे नियम. वहीत तारीख, गाठी, ऊन की ढग. एखाद्याने रोज देवाचं नाव घ्यावं तशी दोघांनी ती वही पाळली. तापात पाळली, शर्यतीच्या आदल्या दिवशी पाळली. बेडकी परदेशात असली की बाबा एकटेच होडी काढायचे, आणि आई धक्क्यावर उभी राहून म्हणायची, "तुम्हाला पोहता येत नाही, एवढं लक्षात आहे ना?"

पहिली सहा-सात वर्षं आकडा नऊच्या आसपास. कधी आठ, कधी दहा. मग सात झाला. मग पावणेसात, सहा. मग पाच.

त्याच सुमाराला मामाने भागीदारीत दोन मोटारबोटी घेतल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी लोकांची रांग लागायची. बोट पाण्यावर वळण घ्यायची, बायका-पोरं हसत ओरडायची, आणि मागे उठलेली लाट पाणकणसांच्या बेटात शिरायची. बेडकीने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं: लाट आली, ओला गठ्ठा कलला, आणि अंडी पाण्यात गेली. टिबुकली तिथेच गोल गोल फिरत राहिली. बेडकीने मामाला सांगितलं. मामा म्हणाला, "अगं, पक्षी परत घालतो अंडी." दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाला, "बरं, बघतो." बघितलं काही नाही.

मग तिने वही काढली. चार वर्षांत नवाचे चार. बोटी सुरू झाल्या आणि आकडा घसरला. हे तर कोणालाही दिसेल असं होतं. तिने त्याचा तक्ता केला, मोटारबोटी बंद करा असा नगर कार्यालयात अर्ज केला, सह्या गोळा केल्या, शाळाशाळांतून बोलली. यंदाची जगातली मोठी शर्यत होती, तेहेतिसाव्या वर्षी बहुधा शेवटची. ती तिने सोडली, कारण सुनावणी त्याच महिन्यात. नगर कार्यालयाने निकाल लागेपर्यंत मोटारबोटी बंद ठेवायला सांगितल्या. मामाच्या बोटी धक्क्यावर उलट्या पालथ्या पडल्या. मामा घरांना रंग द्यायच्या कामावर जाऊ लागला. बहिणीच्या घरी येणं मात्र त्याने बंद केलं.

"एकीकडे पाठचा भाऊ, एकीकडे पोटची पोर," आई म्हणायची. "मी कुणाच्या नावाने डोळे पुसू?"

बेडकीला वाईट वाटायचं. पण तिच्यापाशी वही होती.

आता बाबांच्या डोळ्यांचं. पाच वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं. "मनगटावर घड्याळ कोण लावतं आता?" म्हणाले. कोणालाच नवल वाटलं नाही. मग हळूहळू सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात जायला लागली. चहा ओतताना कपाच्या बाजूला जायला लागला. आई म्हणायची, "कपाला पाजा हो, बशीला आंघोळ नको." शेवटी तीच त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी दिवा मारून पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला.

"चार-पाच वर्षं तरी झाली असणार. कळलं नाही?"

"थोडं धुरकट दिसायचं," बाबा म्हणाले. "वयाला तसंच असतं म्हणतात."

आईने घरी येऊन सगळं सांगितलं. बेडकी तेव्हा अर्जाची तिसरी प्रत टाचत होती. तिने ऐकलं, "करून टाकू," म्हणाली आणि पुढचं पान घेतलं. चार-पाच वर्षं हे शब्द तिच्या कानावरून गेले. त्यांना थांबायला जागा मिळाली नाही.

आधी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. महिनाभर पाण्याजवळ जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. महिनाभर वहीत नुसती रेघ. दुसऱ्या कोणी बघायचं नाही हा नियम.

सुनावणीला चार दिवस उरले तेव्हा बाबा परत होडीत बसले. स्वच्छ ऊन होतं. वारा पडलेला. सराव झाला, बाबांनी वल्ही आत घेतली, थाळी सोडली. बेडकी चार हातांवर पाण्यात उभी, पाय हलवत.

"तीन," बाबा म्हणाले. "चार. पाच." मग थांबले. "सहा."

बेडकी पाय हलवत राहिली.

"सात. अगं... अगं बेडके, आठ! अजून दिसतेय. नऊ." दोरी त्यांच्या बोटांतून सरत होती. "नऊवर गेली! सुधारलं! बोटी बंद केल्या आणि बघ, पाणी सुधारलं! मी म्हणत नव्हतो? तळ्याला नुसतं सोडलं की ते आपलं आपण..." म्हाताऱ्याच्या आवाजात पाणी आलं. अकरा वर्षांत ते होडीत उभे राहिले नव्हते. त्या दिवशी राहिले, आणि होडी डुगडुगली.

बेडकीला कळलं. कसं कळलं ते सांगायला वेळसुद्धा लागला नाही. एका क्षणी नव्हतं, दुसऱ्या क्षणी होतं.

"बाबा, बसा खाली," ती म्हणाली. "आणि उजवा डोळा झाका."

"कशाला?"

"झाका तर."

बाबांनी तळहाताने डोळा झाकला. ती म्हणाली, परत सोडा. त्यांनी थाळी वर ओढली आणि परत सोडली. एक, दोन, तीन.

"गेली," ते चारावर म्हणाले.

बाबांनी आभाळाकडे पाहिलं. "ढग आला असेल," ते म्हणाले. ढग नव्हता. त्यांनी एकदा डाव्या डोळ्याने पाहिलं, एकदा उजव्या. मग दोरी गोळा केली, थाळीचं पाणी निथळू दिलं आणि वही न उघडता पिशवीत ठेवली.

बेडकी पोहत परत आली. बहात्तर हात. छातीत काहीतरी तुटायला हवं होतं. काही झालं नाही. हात पुढे गेला, मागे आला. गॉगलमधून तिला आपली बोटं दिसत होती, स्वच्छ, नखांसकट. गेली चार वर्षं ती अशीच दिसत होती. दोन वर्षांपूर्वी एकदा बाबा "गेली" म्हणाले होते, तेव्हा तिची नजर चुकून खाली गेली होती आणि थाळी तिथेच लटकत होती, पांढरीशुभ्र, आईने नुकतीच घासून ठेवल्यासारखी. तेव्हा तिने मनाशी म्हटलं होतं, पाण्याच्या आतून जास्त लांबचं दिसतं. ते खोटं नाही. दिसतंच. म्हणून तर ते इतकं सोयीचं पडलं.

पुढचे तीन दिवस घरात सगळं नेहमीसारखं झालं. ती जेवली. पोटऱ्यांना तेल लावलं. दोरीवरचे कपडे काढून घड्या घातल्या. कोणी विचारलं असतं, काय होतंय, तर तिला सांगता आलं नसतं. हात बर्फात ठेवला की आधी दुखतो, मग दुखायचा थांबतो. ती थेट थांबण्यावरच पोचली होती.

विचार मात्र चालू होते, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे. ही गोष्ट तिघांपलीकडे कोणाला माहीत नाही. तिघांपलीकडे काय, दोघांपलीकडे. अर्ज दाखल आहे, तक्ता दाखल आहे. उद्या गप्प बसलं तर बंदी कायम होईल. आणि घरटी तर खरंच बुडाली होती ना? ती तिने पाहिली होती. मग खोट्या आकड्याने खरं काम होत असेल तर बिघडलं कुठे? आणि बोलायचं म्हणजे भर सभेत बापाचे डोळे काढून दाखवायचे. ज्या माणसाला मुंगीच्या पायातला काटा दिसायचा.

आदल्या दिवशी दुपारी आई भांडी पुसत होती. पाच थाळ्या एकावर एक.

"तुमच्या दोघांचं काय बिनसलंय?" आईने विचारलं. "ते वहीला हात लावत नाहीत. तू मीठ नसलेलं खाल्लंस आणि बोलली नाहीस."

बेडकीने सांगितलं. चार वाक्यांत. आई फडका हातात धरून उभी राहिली.

"म्हणजे माझ्या भावाने..." एवढं म्हणून ती थांबली. मग आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, जिथे बाबा पडले होते. आवाज खाली आणून म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी."

"हं."

"हं काय? नको उघडू असं म्हणतेय मी. की उघड म्हणतेय? मलाच कळत नाहीये." ती स्टुलावर बसली. "देवाला विचार. मला नको विचारू. मी त्याच्यापुढे बसले की तो माझ्याकडेच बघत बसतो."

बेडकीने देवाला विचारलं की नाही, ते कोणाला माहीत नाही. ती थाळ्या फळीवर लावून काठाकाठाने पोहायला गेली.

सुनावणीची खोली लांबट होती. भिंतीला लोखंडी कपाटं, कपाटांवर फायली, फायलींवर धूळ. मधे टेबल, पाण्याचा जग, जगावर पालथा पेला. पंखा फिरताना प्रत्येक फेरीला एक टक् आवाज करत होता. डाव्या बाजूला मामा, स्वच्छ धुतलेल्या सदऱ्यात, पण नखांच्या कडेला रंग राहिलेला. त्याच्या शेजारी त्याचा भागीदार, जाड मानेचा. शेवटच्या बाकावर बाबा. आईने नेसायचं पातळ काढून ठेवलं होतं, पण ऐन वेळी म्हणाली, माझ्याच्याने नाही होणार.

नगर कार्यालयाच्या साहेबांनी तक्ता वर धरला. "अकरा वर्षांचे आकडे. फार चिकाटीचं काम आहे, बाई. खेळाडू म्हणूनही तुमचं नाव आहेच. बोला."

बेडकी उभी राहिली. शर्यतीच्या आधी पायांत येतं ते कापरं येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

"शेवटच्या चार-पाच वर्षांचे आकडे धरू नका," ती म्हणाली. "बघणाऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. पाणी बहुतेक तसंच आहे. मला चार दिवसांपूर्वी कळलं."

पंख्याच्या दोन फेऱ्या झाल्या.

"आंधळं दळतंय..." भागीदार मोठ्याने म्हणाला. म्हण त्याने अर्धीच सोडली. उरलेली खोलीतल्या सगळ्यांना पाठ होती. कोणीतरी हसलं. "म्हणजे तळ्याला नाही, बापाला मोतीबिंदू! आणि बोटी आमच्या बंद!"

"गप रे," मामा म्हणाला.

मागे बाक सरकला. बाबा उभे होते. एक डोळा अजून हिरव्या पट्टीच्या चष्म्याआड मिचमिचत होता.

"आकडे माझे आहेत, साहेब. हिचे नाहीत," ते म्हणाले. "मला दिसलं तेच लिहिलं. वाढवून नाही, घटवून नाही. पण दुकान मी पाच वर्षांपूर्वी बंद केलं ते घड्याळं कोणी लावत नाही म्हणून नाही. कमान दिसेना म्हणून. घरी सांगितलं नाही. तेव्हाच मी हिला सांगायला हवं होतं की थाळी दुसऱ्याच्या हाती दे." त्यांनी घसा खाकरला. "सांगितलं असतं तर होडीत बसायचं कारण उरलं नसतं मला. एवढंच."

ते बसले. बेडकीने मागे वळून पाहिलं नाही.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग तळं खराब झालंय की नाही?"

"माहीत नाही."

"अर्जात घरट्यांचा उल्लेख आहे. लाटांनी बुडाली म्हणून. किती बुडाली?"

"मोजली नाहीत."

"अंदाजे?"

तिने तोंड उघडलं. बारा म्हटलं असतं तर बारा लिहिलं गेलं असतं. "मी दोन पाहिली," ती म्हणाली. "वही त्याची ठेवली नाही."

निकाल जेवणाच्या सुट्टीआधीच लागला. बंदी उठली. आकडे वर्षभर नव्याने घ्यायचे, दोन वेगळ्या माणसांनी. मग बघू.

बाहेर व्हरांड्यात मामाने तिला गाठलं. भागीदार जिन्यावरून कोणाला तरी फोनवर ती म्हण पुरी ऐकवत होता.

"घरट्यांचं एवढं मनावर घेतलं होतंस तर मला नीट सांगायचं होतंस," मामा म्हणाला. "बोट लांबून नेली असती. त्यात काय एवढं?"

"सांगितलं होतं, मामा. दोनदा."

मामाने रंगाची नखं सदऱ्याला पुसली. "हो," तो म्हणाला. "सांगितलं होतंस." "भावोजींना म्हणावं, तो डावा डोळाही करून घ्या," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानदाराने विचारलं, "काय बेडके, हरलीस म्हणे?" ती "हो" म्हणाली आणि साबणाची वडी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली तेव्हा बाबांची खोली बंद होती. ती एकटीच धक्क्यावर गेली. होडी बांधलेली. होडीशिवाय लांब जायचं नाही हा तिच्या घरचा नियम, म्हणून ती पायरीवर बसून राहिली. टोपी डोक्यावर, गॉगल कपाळावर. पाणी काळंभोर आणि सपाट होतं. रडू येतंय का हे तिने पाहिलं. येत नव्हतं.

उजाडता उजाडता मागे चपलांचा आवाज झाला. दोन जोड्या. पुढे आई, एका हातात थर्मास, दुसऱ्यात वही-थाळीची पिशवी. तिच्यामागे बाबा, सदऱ्याच्या गुंड्या नीट लागलेल्या.

"हे घरात बसून भिंतीकडे बघत होते," आई म्हणाली. "मी म्हटलं, भिंतीत काय थाळी सोडलीय का? उठा. जिची थाळी तिला विचारलं नाहीत तेव्हा, आता तरी तिचं ऐका." आणि ती धक्क्यावर थर्मास टेकवून, पिशवी आदळून परत फिरली. होडीत बसायचं नाव तिने अकरा वर्षांत काढलं नव्हतं, त्या दिवशीही काढलं नाही.

सराव झाला. बहात्तर, एकाहत्तर, बहात्तर. दहाच्या सुमाराला बाबांनी वल्ही आत घेतली.

"मी वही धरणार नाही," ते म्हणाले.

"मग दोरी धरा."

ती होडीची कड धरून वर चढली. होडीला हात लावायचा नाही, या नियमात अडकून ती या होडीत किती वर्षांत बसलीच नव्हती. आत इतकी कमी जागा आहे हे तिच्या लक्षात नव्हतं. दोघं सावलीच्या बाजूला शेजारी शेजारी वाकली. होडी त्या बाजूला कलली. थाळी खाली गेली.

"नऊ," बाबा म्हणाले. "गेली."

"मला अजून दिसतेय. साडेनऊ. दहा."

"तुझे डोळे तरुण आहेत."

"दोन्ही लिहा."

"तू लिही. मी नाही म्हटलं ना."

तिने लिहिलं. नऊ. दहा. ऊन. तेवढ्यात पलीकडून मोटारीचा आवाज आला. दोघांनी मान वर केली. मामाची बोट धक्क्यावरून निघून तळ्याच्या मध्याकडे चालली होती, आत सातआठ माणसं. बोट बेटापासून लांब होती, की नेहमीएवढीच, हे इतक्या दुरून सांगता येत नव्हतं. थोड्या वेळाने लाट त्यांच्यापर्यंत आली, होडी वर उचलली गेली आणि खाली बसली. मग लाट पाणकणसांकडे गेली.

"घरटी किती आहेत तिथे?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही."

त्यांनी वल्ही बाहेर काढली आणि होडी बेटाच्या दिशेने फिरवली. बेडकी पुढच्या फळीवर बसून राहिली, अंगावरून पाणी निथळत. ओठ निळे पडले होते. बाबांनी एका हाताने थर्मास पुढे सरकवला.

"थंडी वाजतेय का?"

तिने हाताच्या बोटांकडे पाहिलं, ती मिटली, उघडली.

"कळत नाहीये," ती म्हणाली.

"पी तर," बाबा म्हणाले, आणि पाणकणसं जवळ आली तशी त्यांनी वल्ही हळू केली. उजवा डोळा बारीक करून ते बघत राहिले. "ते एक," ते म्हणाले. "लिही."

तिने थर्मास मांडीशी धरला आणि वहीचं मागचं कोरं पान उघडलं.